शाळाबाह्य नव्हे, घरी शिकणारी

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या जुलैत शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एक शिक्षिका आमच्या दारात आल्या. भर पावसात, फॉर्मचं पॅड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पडवीत माझा मधला मुलगा पंख्याची जुनी मोटार उघडून बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, "कितवीत रे तू?" तो म्हणाला, "गणितात सहावीत, मराठीत चौथीत." त्यांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

चेष्टा नव्हती. पण त्यांच्या फॉर्मवर त्याच्यासाठी जागाही नव्हती. आपल्या राज्यात शाळाबाह्य म्हणजे ६ ते १४ वर्षांचं असं मूल, ज्याचं नाव कधी शाळेत घातलंच नाही किंवा जे महिन्याभराहून जास्त सलग गैरहजर आहे. माझी तीन मुलं या दोन खणांत वाटली गेली. थोरली दुसऱ्यात, कारण ती तिसरीपर्यंत शाळेत होती. धाकटी दोघं पहिल्यात. बाईंनी चहा घेतला, मुलांच्या वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला दिसतंय सगळं. पण लिहू काय?"

हे पत्र त्यांच्या या प्रश्नासाठी आहे.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी शिवणकाम करते. कुठलं तत्त्वज्ञान वाचून आम्ही मुलांना घरी ठेवलं नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मोबाइल एक आणि तोही दुकानात लागायचा, म्हणून मी शिकवायला बसले. शाळा उघडल्या तेव्हा थोरली म्हणाली, अजून एक वर्ष घरी. त्या एका वर्षाची पाच झाली.

पहिलं वर्ष मी पार वाया घालवलं. भिंतीला फळा, ११ ते ५ वेळापत्रक, आणि खरं सांगते, स्टीलच्या ताटावर चमचा आपटून तास बदलायचे. दिवाळीपर्यंत तिघंही मला टाळायला लागली. माझ्या आईनं ते पाहिलं. ती जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत नोकरी करून निवृत्त झाली. म्हणाली, "अगं, पहिली ते चौथी एका खोलीत घेऊन बसायचे मी. चौघांना चार धडे शिकवायला गेलीस तर मरशील. एक गोष्ट काढ आणि ज्याला जेवढी पेलेल तेवढी त्याला दे."

तेव्हापासून असंच चालतं. नवरा दुकानातून तांब्याच्या तारेची रिळं आणतो. धाकटी वेढे मोजते. मधल्याला प्रश्न पडला की २० गेजच्या तारेपेक्षा २४ गेजची तार बारीक कशी, आकडा तर मोठा आहे. दोन दिवस तो त्यातच होता. थोरली तारेचं वजन, भाव आणि मजुरी धरून गिऱ्हाइकाचं बिल काढते. पुस्तकं बालभारतीचीच, ई-बालभारतीवर फुकट मिळतात. ज्याला जे पुस्तक झेपतं ते तो उघडतो, मग ते 'त्याच्या इयत्तेचं' असो वा नसो.

मधला आठ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. त्या काळात माझी झोप उडाली होती. रोज दुपारी त्याला समोर बसवून अक्षरं गिरवून घ्यायची, आणि धाकटी पाटीच्या पलीकडच्या बाजूला खेळत असायची. एक दिवस तिनं पुस्तक उचललं, उलटं धरलं आणि घडाघडा वाचू लागली. पाटीच्या पलीकडून तिला अक्षरं उलटीच दिसत होती, तशीच ती शिकली. पुस्तक सरळ करून दिलं की अडायची. तिची ही सवय मोडायला मला महिना लागला. मधला मात्र त्यानंतर पंधरा दिवसांत वाचायला लागला. बहुतेक रागानं.

महोदय, अडचण शिकवण्याची नाही. ती तुमच्या नोंदीपाशी येते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा घरी शिकवायला स्पष्ट मनाई करत नाही आणि स्पष्ट मान्यताही देत नाही. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, त्यांचे आभार. थोरलीनं तिथूनच पाचवी केली. ८ वीच्या वेळी फॉर्मची तारीख हुकली, ती चूक माझीच. पण अशा दोन परीक्षांच्या मधल्या वर्षांत मूल कागदावर कुठेच नसतं. बोनाफाइड नाही, म्हणून एसटीचा सवलतीचा पास नाही. थोरली कबड्डी बरी खेळते, पण शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालच्या संघात तिला उतरता आलं नाही, कारण शाळाच नाही. आणि आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे अर्धा जन्माचा दाखला. जातीच्या दाखल्यापासून सगळीकडे तोच मागतात.

या वर्षी तिनं स्वतःहून शाळेत जायचं ठरवलं. मैत्रिणी हव्यात, प्रयोगशाळा हवी. दोन्ही मला देता आलं नाही, मान्य आहे. वयाप्रमाणे नववी. मुख्याध्यापक म्हणाले, ८ वीचा दाखला आणा. मी म्हटलं, परीक्षा घ्या, तुम्ही म्हणाल त्या विषयाची. ते म्हणाले, तशी तरतूद नाही. गंमत बघा, पाचवीच्या कागदावर १७ नंबरचा, म्हणजे खासगी उमेदवाराचा, फॉर्म भरून ती पुढे थेट १० वीला बसू शकते. पण नववीच्या वर्गात बसू शकत नाही.

तुमची शंका मला कळते. 'घरी शिकते' असा रकाना काढला तर ऊसतोडीला नेलेली, भावंडं सांभाळायला घरी ठेवलेली प्रत्येक मुलगी त्यात ढकलली जाईल. भीती खरी आहे. आमच्याच तालुक्यात कारखाना सुरू झाला की ऊसतोडकऱ्यांच्या कोप्यांमधली (झोपड्यांमधली) पोरं फडात दिसतात. पण आज काय होतंय? ती मुलगी आणि माझी मुलगी एकाच खणात आहेत. जिच्यामागे बालरक्षकानं, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम दिलेल्या शिक्षकानं, धावायला हवं, तिच्या यादीत माझ्या मुलांची नावं घुसली आहेत.

म्हणून मागणी एवढीच: रकाना काढा, पण तो फुकट देऊ नका. घरी शिकणाऱ्या मुलाचं नाव जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या वेगळ्या नोंदवहीत चढवा. वर्षातून दोनदा मूल त्या शाळेत प्रत्यक्ष हजर राहील, शिक्षकांसमोर वाचेल, गणित सोडवेल. २०२३-२४ पासून ५ वी आणि ८ वीची वार्षिक परीक्षा तुम्ही पुन्हा सुरू केलीच आहे, त्या परीक्षेला मुलाला तिथेच बसू द्या. जो पालक मूल दोनदा समोर आणणार नाही, त्याचं नाव खुशाल शाळाबाह्य यादीत घाला. गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक काम पडेल हे शिक्षिकेची मुलगी म्हणून मला चांगलं माहीत आहे. म्हणून ऑनलाइन माहितीचं एखादं जुनं काम आधी काढून घ्या आणि मगच हे द्या.

अनुदान नको, गणवेश नको, पोषण आहार नको.

आपली,
तीन मुलांची आई, सातारा जिल्हा

ता. क. थोरली आता आठवीत बसते. एक वर्ष मागे, पण बसते. परवा घरी येऊन म्हणाली, "आई, तिथे तास संपला की खरी घंटा वाजते."