रविवारी बैठक : स्ट्रॅटेजी गेमचं पुढं काय?

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचं आहे. कापूस वेचणी सुरू आहे, म्हणून वेळ उशिराची ठेवली.

विषय : रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम (पाळीची वाट न बघता सगळ्यांनी एकाच वेळी डावपेच लढवायचे कॉम्प्युटर गेम) टिकतील का? ‘स्टारक्राफ्ट २’ या अशाच गेमसाठी नवे विकतचे भाग काढणार नाही, असं तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने २०२० मध्ये सांगितलं. पण १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ २०१९ मध्ये नव्या रूपात आला अन् आजही जोरात खेळला जातो. माझ्या मते खेळ संपलेला नाही, नवख्याला शिकवणारे कमी पडतात. गेममधले गावकरी लाकूड तोडायला लावू की शेतावर, यातच नवा पोट्टा गांगरतो अन् तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार दारात!

भारनियमन आहे, लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणा. फक्त मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांनाही आणा, त्यांचं आधी ऐकू.