विषय : खिडकीच्या ग्रिलवर छोटं सोलर पॅनेल परत लावण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी, रत्नागिरी

स. न. वि. वि.

वॉचमनकडून पॅनेल काढण्याचा निरोप आला त्याच दिवशी मी ग्रिलवरचं पॅनेल उतरवलं. ते परत लावू द्यावं, ही विनंती.

आमची ती खिडकी सरळ पश्चिमेला, समुद्राकडे. मध्ये माडाचाही आडोसा नाही. एप्रिल-मे महिन्यांत चारनंतरचं ऊन थेट आईच्या पलंगावर येतं. तिला उठून ब्लाइंड्सच्या पट्ट्या मिटता येत नाहीत आणि मी सहापर्यंत कामावर. सकाळीच मिटून जावं, तर तिला दिवसभर समुद्र दिसत नाही. पडल्या पडल्या तेवढंच तर बघते ती.

म्हणून ब्लाइंड्सच्या दांड्याला ५ व्होल्टची स्टेपर मोटर मी स्वतः जोडली. उजेडाच्या सेन्सरवर ती चालते. आधी टायमर लावून पाहिला, पण सूर्य जूनमध्ये पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला, त्यामुळे खिडकीत ऊन यायची वेळ सारखी सरकते. ढग आले की वेगळंच. मोटर दिवसातून दोन-चारदा, अर्धा मिनिट फिरते. त्याला २ वॉटचं, तळहाताएवढं पॅनेल आणि एक लिथियम सेल पुरतो. पावसाळ्यात चार्जिंग कमी होतं, पण तेव्हा मिटण्याजोगं ऊनही नसतं. सोसायटीच्या वायरिंगला कुठेच हात लावलेला नाही. सेल आतल्या भिंतीवर, सावलीत ठेवला आहे, कारण ४५ अंशांच्या वर तो चार्ज होऊ नये. पॅनेलही आत ठेवून पाहिलं. काचेच्या काळ्या फिल्ममुळे भागलं नाही.

खालच्या भिंतीवर गंजाचे तांबडे ओघळ आले, ही तक्रार खरी आहे. साधे स्क्रू वापरले, ती माझी चूक. आता ३१६ ग्रेडचे स्टीलचे स्क्रू आणले आहेत. ३०४ ग्रेडचं स्टीलसुद्धा आपल्या खाऱ्या हवेत डागाळतं. तेवढी भिंत मी माझ्या खर्चाने रंगवून देते. वाऱ्याची काळजीही रास्त आहे. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं आपण विसरलेलो नाही. म्हणून पॅनेलला बटरफ्लाय नट लावले आहेत, खोलीतूनच हाताने सुटतात. वादळाचा इशारा आला की मी ते आत घेईन, हे लिहून द्यायलाही तयार आहे.

रविवारच्या मीटिंगआधी कमिटीतल्या कोणीतरी चारच्या सुमारास घरी येऊन बघावं. सध्या ग्रिलला जुनी चादर बांधली आहे.

आपली नम्र,
सदनिका क्र. ४०३, बी विंग