समुद्राकाठी घर बघतोयस म्हणे

वर्सोवा, मुंबई
दिव्यांची अवस, रात्री साडेदहा

प्रिय पक्या,

तुझा मेसेज मंगळवारी मिळाला. 'बदली पक्की. ऑफिस मरोळला. पोरांना घेऊन येतोय. समुद्राजवळ घर बघ.' यावर फोन केला असता तर तिसऱ्या वाक्याला 'बरं बरं, बघू' म्हणून तू विषय मिटवला असतास. तुझी खोड जुनी आहे, म्हणून लिहायलाच बसलो. पोरं झोपलीत, बाहेर धो धो पाऊस आहे, आणि संध्याकाळी पाटावर मांडलेले दिवे अजून तसेच आहेत. बायको म्हणाली, 'पत्र संपव, मग दिवे आवर.' तेव्हा पत्र लांबेल.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. आपण पंचवटीतले. पाणी म्हटलं की घाट, पायऱ्या आणि एका दिशेने जाणारी गोदा. समुद्र आपल्याला कळतो कुठे? पाच वर्षांपूर्वी जानेवारीत दलालाने मला चौदाव्या मजल्यावर नेलं, हॉलची काच सरकवली, आणि समोर अख्खा अरबी समुद्र. मी भाडं न विचारताच हो म्हणून बसलो. चार महिने येईल त्या पाहुण्याला खिडकी दाखवली. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला आणि पाऊस आडवा होऊन त्याच खिडकीतून घरात यायला लागला. पश्चिमेच्या भिंतीला आधी ओल, मग पोपडे, मग काळी बुरशी. अर्णव तेव्हा तीन वर्षांचा, आणि त्याचं अंथरूण नेमकं त्या भिंतीला लागून. ऑगस्टमध्ये त्याची छाती घरघरायला लागली. नेब्युलायझर लावून दोन रात्री जागून काढल्या. डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, 'झोपतो कुठे हा?' तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मालक 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणत राहिला, आणि घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापून घेतले.

आताचं घर दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर. समुद्र दिसत नाही. गच्चीवरून थोडा दिसतो, त्यातही निम्मा समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीने अडवलाय. पण पोरं चार मिनिटांत वाळूवर. वर राहत होतो तेव्हा लिफ्ट, वॉचमन, मोठा रस्ता, बाटली, टोपी, असा जामानिमा करून आठवड्यातून एकदा खाली उतरायचो. तेव्हा दलालाने खिडकी दाखवली की तू भिंत बघ. हात लाव, कपाट सरकवून मागे बघ. लोखंडाचंही तसंच. खाऱ्या वाऱ्याने पोराची तीनचाकी दोन पावसाळ्यांत गंजून गेली, फ्रिजची मागची जाळी तिसऱ्यात. मिठाला पाणी सुटतं, पापड नरम पडतात, ते चालायचंच.

आता भरती-ओहोटी. कोळीवाड्यातल्या एका मावशीने मला शिकवलेलं गणित तुला देतो. कालनिर्णयात तिथी बघायची, तिला तीनाने गुणून चाराने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अवसेला सव्वाअकरा-बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. तुझ्या इंजिनिअर डोक्याला हे पटणार नाही, ताडून बघ. अवस-पौर्णिमेला उधाण असतं. दुपारी पाणी पार भिंतीला येऊन धडकतं, पण संध्याकाळी सहाला तितकंच लांब गेलेलं असतं. म्हणजे पोरं शाळेतून येऊन दूध पिऊन निघतात तेव्हा मैदानच मैदान. अष्टमीच्या आसपास भांग; पाणी फार चढत नाही, पण नेमकं खेळायच्या वेळेला वर असतं. आमच्या घरी आता 'आज बीचवर जायचं का' असं कोणी विचारत नाही, 'आज तिथी कोणती' विचारतात. धाकटी चार वर्षांची आहे, तिला एकादशी म्हणजे उपास हे नंतर कळेल.

हेच उधाण पावसात तुझ्या ऑफिसच्या वाटेवर येणार आहे. मुंबईचे बरेचसे नाले समुद्रात जिथे उघडतात ती तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. तेव्हा पाणी बाहेर जायचं सोडून उलट आत शिरू बघतं. म्हणून दरवाजे, म्हणून पंप. भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस झाला की शहर तुंबतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही दुपारची भरती होतीच. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. आमच्या फ्रिजवर तो कागद लावलेला आहे, शाळेच्या वेळापत्रकाशेजारी. अंधेरीचा सबवे, म्हणजे रुळांखालचा रस्ता, तर पहिल्या मोठ्या पावसात भरतो आणि पूर्व-पश्चिम तुटते. तुझं सुदैव की ऑफिस मरोळला आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 पासून डोक्यावरून जाते, मरोळ नाक्याला उतर. एक लक्षात ठेव, वर्सोवा नावाचं मेट्रो स्टेशन समुद्रापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं आणि समुद्रापासून पाच मिनिटं' दिसलं तर त्यातलं एक खोटं.

तू आणखी चार नावं पाठवली आहेस. मी सगळ्यांना एकच परीक्षा लावतो: रात्री दोन वाजता पोराला 103 ताप चढला तर काय? गोराई-मनोरी मला जीव लावण्याइतकं आवडतं. वाडी, विहीर, जुनी कौलारू घरं. पण बोरिवलीकडे किंवा मार्वेला यायला मधे खाडी, आणि तर, म्हणजे फेरीबोट, नसेल तेव्हा उत्तन-भाईंदर फिरून यायचं. तुझी धाकटी दोन वर्षांची आहे. पाच वर्षांनी विचार, मी स्वतः तुला तिकडे सोडून येईन. मढचंही तेच, वर्सोव्याच्या धक्क्यावरून समोर दिसतं, तरीने काही मिनिटं, गाडीने मालाडला वळसा. त्याच पट्ट्यातल्या आक्साला पोरांना पाण्यात सोडायचंच नाही. तिथे ओढ वाईट आहे, पायाखालची वाळू सरकते, दरवर्षी माणसं बुडतात. यावर मी चर्चा करणार नाही. अलिबाग बातमीत छान वाटतं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे, पण गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद, आणि तिथून मरोळ? वेडा आहेस का.

वसईचं मात्र मनावर घे. चिमाजी अप्पांनी 1739 साली जिंकलेला तो किल्ला, सुरूची बाग, केळीच्या वाड्या, आणि आपल्या बजेटमध्ये दोन खोल्या जास्त. पोरांना अंगण मिळेल. तुला मात्र विरारच्या गाडीत चढायला मिळेल. रोज घरी पोचून पोरांशी बोलायचं त्राण उरणार असेल तर वसईच घे, मी वर्सोव्याची वकिली करणार नाही. दादर-माहीमला भाडं परवडलं तर वहिनी खूश होतील. मराठी माणसं, शिवाजी पार्कचं मैदान, सगळं हाताशी. पण तिथली पोरं वाळूपेक्षा मैदानातच जास्त खेळतात. जुहू रविवारी पाणीपुरीसाठी ठीक.

माझं म्हणणं विचारशील तर समुद्रापेक्षा समुद्राशी रोजचा व्यवहार असलेली माणसं जवळ असू देत. हे मला कळलं ते एका जुलैत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बाप्ये घरी, जाळी दुरुस्त करत बसलेले. म्हणजे समुद्र सगळ्यात खवळलेला असतो तेव्हाच किनाऱ्यावर जाणती माणसं सगळ्यात जास्त. अर्णव चेंडूमागे खाडीच्या तोंडाकडे धावत गेला होता. मी मोबाइलमध्ये. जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने जागेवरूनच अशी हाक घातली की पोरगं खिळलं. मग त्याने अर्णवला सोडून मला झापलं, पुरतं झापलं. आता आम्ही त्यांना आबा म्हणतो. निळ्या फुग्यासारखे जेलीफिश पावसाळ्यात वाळूवर येतात, ते मेलेले दिसले तरी त्यांचे दोरे डसतात, हे पोरांना त्यांनीच सांगितलं. पाण्यात पाय घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट सरकतं, हेही त्यांचंच. 2013 च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी लोकांना डंख मारले होते; चौदाव्या मजल्यावर मला हे कोण सांगणार होतं?

वासाचं वहिनींना आधीच सांग. पावसाळा संपला की वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील सुकतात आणि वारा आपल्या घराकडचा असतो. मला आता जाणवत नाही, पण नाशिकहून आलेल्या शाकाहारी माणसाला पहिला महिना जड जाईल. आमच्याच इमारतीतल्या दोघांनी या वासाबद्दल तक्रार-अर्ज केला होता. अरे, कोळीवाडा आधीपासून इथे आहे, तू मागून आलास! मी सही केली नाही. ज्याला वास नको त्याने तीन किलोमीटर आत राहावं.

कचऱ्याचंही लपवत नाही. 2015 साली अफरोज शाह यांनी हा किनारा साफ करायला घेतला, पुढच्या वर्षी त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, 2018 मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. सगळं खरं. पण आज दुपारच्या उधाणाने काय काय परत आणून टाकलंय ते बघशील तर पोरांना चपलेशिवाय सोडणार नाहीस. वाळूही कमी आहे सध्या. पावसात लाटा ओढून नेतात, दिवाळीपर्यंत हळूहळू परत येते.

शाळेचं तू आणि वहिनी भांडून ठरवा. मी फक्त एवढं म्हणेन की शाळा चालत जाण्याच्या अंतरावर बघा, स्कूलबसमध्ये तुझा मोठा ओकेल.

आणि घर बघायला जानेवारीची वाट बघू नकोस. मी तेच केलं होतं. पंधरा दिवसांनी नारळी पौर्णिमा आहे. आदल्या दिवशी पंचवटी एक्सप्रेस पकड, दादरला मी घ्यायला येतो. सकाळी दोन-तीन घरं दाखवतो, भर पावसात, पश्चिमेच्या भिंतींसकट. बाराच्या सुमाराला उधाणाचं पाणी बघ. संध्याकाळी कोळीवाड्यातून सोन्याचा नारळ वाजतगाजत निघतो, तेव्हा आबांशी ओळख करून देतो. त्यांच्या पुतण्याची एक खोली-किचन रिकामी होणार आहे, पण ते भाडेकरू पोरांवरून पारखतात, तेव्हा दोघांनाही घेऊन ये. जुने कपडे घाल त्यांना.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. येताना कोंडाजीचा चिवडा आण, हवाबंद डब्यात. पुडा इथे दोन दिवसांत सादळतो.

तुझा,
नंदू