आधी बैल, मग टॅब

ता. आर्णी, जि. यवतमाळ
पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या समुद्रकाठच्या शाळेत टॅब आले आणि "यावर पोरांना चित्रकला कशी शिकवू?" असं तू विचारलंस, हे वाचून फार आनंद झाला. फोनवरही सांगता आलं असतं, पण या विषयावर मला गंज बोलायचं आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. पऱ्हाटीचं निंदण सुरू आहे, अख्खं गाव शेतात आहे. आज निवांत लिहितो.

पहिली गोष्ट. तुमच्याकडे चित्रकलेला वेगळा शिक्षक नाही म्हणतोस. आमच्याकडेही नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवणाराच चित्र शिकवतो. तेव्हा "मला कुठे चित्र येतं" हे मनातून काढून टाक. तुला पाहता आलं पाहिजे आणि पोरांना पाहायला लावता आलं पाहिजे, एवढं पुरे. आणि त्यासाठी टॅब हातात देण्याआधी, ज्याचं चित्र काढायचं ती वस्तू त्यांच्या हातात दे. बाकी सगळं पत्र याच एका गोष्टीसाठी आहे.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात तिसरी-चौथीला बैल काढायचा होता. टॅबवर शोधलं की आयता बैल मिळतो, स्टिकर मिळतं, रंग भरायला तयार आकृतीही मिळते. त्यातलं काही मी दिलं नाही. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घरोघरी असतात, ते आणायला सांगितले. डोळे मिटून चाचपायला लावले. वशिंड कुठून उठतं, मान कुठे वळते, शिंग कानाच्या पुढे की मागे. मग शेजारच्या गोठ्यात खरी जोडी पाहायला गेलो. झूल, मठाटी, बेगड, घुंगरमाळ हे सगळं नंतर, आधी नुसता बैल पाहायचा. तिथे एक पोरगी ओरडली, "सर, याचे मांगचे गुडघे त उलटेच वाकते!" आजवर तिने काढलेल्या प्रत्येक बैलाचे चारही पाय टेबलाच्या पायांसारखे सरळ असायचे. त्या दिवशी पाटीवर, मग फरशीवर खडूने, आणि शेवटी टॅबवर तिने जो बैल काढला त्याचा मागचा पाय बघत राहावा असा होता.

आता टॅबने काय दिलं ते सांगतो. सगळ्यात मोठं म्हणजे मागे जायचं बटण, मारलेली रेघ मिटवणारं. जून ते मार्च एकच वही पुरवायची असते अशा घरातलं पोर पहिली रेघ मारायलाच भितं. मारली तर कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. तेच पोर टॅबवर पडदाभर बैल काढतं, कारण रेघ चुकली तरी काही खर्ची पडत नाही. चौथीतल्या एका अबोल पोराने विचारलं, "सर, हे कितीक बार मिटवता येते?" कितीही, म्हटलं. त्या दिवशी तो मधल्या सुट्टीतही उठला नाही.

पण काही पोरं प्रत्येक रेघ मिटवतच बसतात. त्यांच्यासाठी नियम असा, की पहिली पंधरा मिनिटं ते बटण दाबायचं नाही. वाकडी रेघ आली तर तिचंच काहीतरी करायचं. मग बैल लंगडा होतो, तो लंगडा कशाने झाला याची गोष्ट निघते आणि चित्र पुरं होतं. दुसरं, दोन बोटांनी चित्र मोठं करून पोरं एकाच डोळ्यात रमतात आणि बैल विसरतात. अधूनमधून "चित्र लहान करा, लांबून पाहा" असं सांगत राहावं लागतं.

पेनाचं विचारलंस. साधा टॅब दाब ओळखत नाही. बोट टेकलं की पडद्यावरच्या विद्युतभारात फरक पडतो, तो ओळखतो. म्हणून लाकडाची काडी चालत नाही. महागडं पेन घेऊ नकोस, आपल्या पोरांना ते करता येतं. कान साफ करायची कापसाची काडी घे, जुन्या पेनाच्या नळीत बसव, वरून अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळ. फॉइल एका बाजूला कापसाला टेकली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला धरणाऱ्या बोटांना. कापूस जरासा ओला कर, पाणी गळेल इतका नाही. झालं पेन. रेघ जाड-बारीक व्हायला दाब चालणार नाही, ब्रशचा आकारच बदलावा लागेल. आपल्या जिल्ह्याच्या कापसाने पडद्यावर रेघ उमटते, याचं पोरांना भारी अप्रूप आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद लेयरने दिला. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं घर काढतात तेव्हा भिंत काढतात आणि भिंतीआडची माणसंही काढतात. दिसतं त्यापेक्षा त्यांना जे ठाऊक असतं ते उतरतं. याला क्ष-किरण चित्र म्हणतात. आमच्या पोरांच्या घरात कापूस असतोच. वेचणी झाली की अर्धी खोली भरते, पोरं त्या ढिगावर लोळतात. अशा चित्राला "भिंतीतून कसं दिसंल रे?" म्हणणं म्हणजे पोराचं तोंड बंद करणं. मी आधी वहीच्या जुन्या प्लास्टिक कव्हरवर स्केचपेनने भिंत काढायला लावली आणि ते कव्हर कापसाच्या खोलीच्या चित्रावर ठेवायला सांगितलं. उचललं की आतलं दिसतं, ठेवलं की झाकतं. मग टॅबवर तेच. खालच्या लेयरवर कापूस, आजी, मांजर, पाळणा. वरच्या लेयरवर भिंत, दार, तुळस. डोळ्याचं चिन्ह दाबलं की भिंत नाहीशी, आणि लेयर निम्मा पारदर्शक केला की आत-बाहेर दोन्ही एकदम. पोरं एकमेकांच्या घरात डोकावत होती. तासभर वर्गात नुसतं "माह्या घरात पाह्य काय हाय!" चाललं होतं.

आमच्याकडे बंजारा तांड्यावरची पोरं बरीच आहेत. एकदा चित्र खूप मोठं केलं तर रेघेचे चौकोन दिसायला लागले. पिक्सेल म्हणतात, मी सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "माह्या आजीच्या कांचळीवर असेच मोजून मोजून टाके घालते." दुसऱ्या दिवशी आजी फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घेऊन स्वतः शाळेत आल्या. कापडाचे धागे मोजून नक्षी कशी बसवायची, डावीकडे जितके टाके तितकेच उजवीकडे कसे, हे त्यांनी पोरांना दाखवलं. मग आम्ही चौकोनी कागदावर १६ बाय १६ ची जाळी घेतली, आधी पेन्सिलने आणि मग टॅबवर एकेक चौकोन भरत नक्षी केली. सममिती मला गणिताच्या तासात इतकी चांगली कधीच शिकवता आली नव्हती. तुझ्या गावात जाळं विणणारे असतील. त्यांना बोलव, जाळीची गाठ पोरांना हाताने बांधू दे.

रंगाचं मात्र नीट ध्यानात घे. पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेव आणि पोरांना त्यातून पाहायला लाव. थेंब भिंगाचं काम करतो आणि लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. पांढऱ्याच्या पोटात हे तीन रंग पाहून पोरांनी "बाप्पा!" म्हणून गर्दी केली. पडद्यावर लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो. डबीतल्या रंगांचा हिशेब वेगळा. पिवळ्यात निळा कालवला की हिरवा. बऱ्याच अॅपमध्ये मात्र पिवळ्यावर निम्मा पारदर्शक निळा फिरवला तर राखाडी येतो आणि पोर गोंधळतं. म्हणून रंग कालवणं आधी ओल्या रंगांनी, बोटं माखून घेऊन शिकव. पळस फुलला की फुलं भिजवून रंग करतो, ते तर टॅबवर कधीच होणार नाही.

अॅपचं थोडक्यात. लहानांना टक्स पेंट. २००२ साली बिल केंड्रिक यांनी ते लहान मुलांसाठीच केलं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. मोठ्यांना आयबिस पेंट, त्यात लेयर आहेत आणि चित्र कसकसं काढलं त्याची चित्रफीत होते. ती चित्रफीत अवश्य पाहा. कोणतं पोर शिंगापासून सुरू करतं, कोणतं खुरापासून, कोण कुठे अडलं, हे पुऱ्या झालेल्या चित्रावरून कळत नाही. पण त्यात जाहिराती येतात, तेव्हा नेट बंद ठेव. टॅब कमी असले तरी चिंता नको. एका गटाकडे टॅब, एका गटाकडे माती, एका गटाकडे कागद. लाईन गेली की सगळे मातीकडे.

आता मनातलं बोलतो. पाहुणे शाळेत आले की चकचकीत चित्र दाखवायचा मोह होतो. वाक्य लिहिलं की चित्र करून देणारी यंत्रंही आली आहेत. या वयात मी ती पोरांच्या जवळ येऊ देत नाही, तूही येऊ देऊ नकोस. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, देवी प्रसाद १९४४ साली आले. शांतिनिकेतनात शिकलेला माणूस, आणि गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत खेड्यातल्या मुलांना चित्रं काढायला शिकवत राहिला. चित्र काढता काढता मूल कसं घडतं, इकडे त्यांचं लक्ष होतं. आपल्या पोरांनाही तेवढंच मिळायला हवं, आणि ते मिळवून द्यायला टॅब खरंच कामी येतो, असं मी अनुभवाने सांगतो. उलट्या गुडघ्याचा शोध त्या पोरीने स्वतः लावला. तो तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

एक मागणं आहे. तुझ्या पोरांनी होडी काढावी. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. बदल्यात आम्ही बैल आणि कापसाची घरं पाठवू. फोटो नको, मूळ चित्रं हवीत. फाइल पीएनजी असू दे आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. नुसतं चित्र म्हणून पाठवलं तर ते दाबून लहान होतं आणि बारीक रेघा फिसकटतात. कोणत्या पोराने काढलं ते नाव आणि होडीबद्दल त्याची दोन वाक्यं, त्याच्याच बोलीत, सोबत लिही. आमची पोरं प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं तुझ्या पोरांनीच द्यायची.

काकूंच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? वहिनींना नमस्कार सांग, छोटीला गोड पापा. दिवाळीत गावी आलास की दोन दिवस जास्तीचे काढून ये, आमच्या वर्गात एक तास तुलाच घ्यायचा आहे.

तुझा मित्र