शुभे, सा हलला

प्रिय शुभे,

कधीपासून लिहीन लिहीन म्हणतेय. तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजना मी नुसते अंगठे दाखवत राहिले, तर त्याबद्दलच्या शिव्या आधी घालून घे म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. इकडे सगळं ठीक. माझी शुगर गोळीने जागेवर आहे, ह्यांची कंबर जागेवर नाही, संपलं. खरं जे सांगायचंय ते ह्यांना सांगून झालं, ते "बरं मग?" म्हणाले आणि पेपर उलटला, म्हणून आता तुझ्या माथी.

भाचा परदेशी जाताना त्याचा तो ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आमच्या हॉलमध्ये टाकून गेलाय ना, त्याच्यावर मी शिकायला बसलेय. क्लास नाही, सर नाहीत, एक बिगिनरचं पुस्तक आणि मी. मला वाटलं पेटी येते म्हणजे निम्मं काम झालंय. कसलं काय! उजवा हात नाचतो गं, पण डाव्याने जन्मभर फक्त भाता मारलाय. त्याला बोटं आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. करंगळीला दाब म्हटलं की शेजारची दोन्ही दबतात, आणि अंगठा तर पाहुण्यासारखा बाजूला उभा. ह्यात परत पुस्तकात स्वरांच्या डोक्यावर बोटांचे आकडे छापलेत, अंगठा १, करंगळी ५, आणि मी चतुर बाई रेघा न वाचता आकडेच वाचत सुटले. शेवटी झेरॉक्स काढून आकड्यांवर व्हाइटनर फासला.

रेघांचं सांगते, तू हसशील. आपल्याला भातखंड्यांच्या स्वरलिपीची सवय, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी, तारसप्तकाला टिंब, सगळं सा धरून. इथे पाच रेघा उजव्या हाताच्या, पाच डाव्याच्या, आणि ठिपका किती उंचीवर बसलाय त्यावरून पट्टी ओळखायची. वरचं ते वेटोळं चिन्ह असतं ना, त्याचं पोट खालून दुसऱ्या रेघेवर गुंडाळलेलं, ती रेघ म्हणजे पेटीवरची पांढरी पाच, त्यांचा जी. खालच्या चिन्हाचे दोन ठिपके जिच्या वर-खाली ती पांढरी चार. आणि दोघांच्या बरोब्बर मधे एक एकटी छोटी रेघ, ती मधली पांढरी एक. एवढे तीन खांब पाठ केले, बाकी त्यांच्यापासून मोजत जायचं. पण सा कुठे? सा लिहिलेलाच नसतो! ओळीच्या सुरुवातीला एक शार्प, म्हणजे स्वर अर्धा चढवायची खूण, काढलेला असतो, काळी तीनचा, त्यावरून आपण समजायचं की सा बहुतेक पांढरी पाच. हा कसला उद्धटपणा, यजमानाचं नाव नाही आणि पंगतीची यादी आहे.

तर मी ते प्रसिद्ध जी मेजरमधलं मिन्युएट, म्हणजे नाचाची एक छोटी धून, घेतलं. बाख या जर्मन संगीतकाराच्या बायकोच्या १७२५च्या वहीत आहे ते, सगळे बाखचंच समजायचे, पण ते पेट्झोल्ट नावाच्या ड्रेस्डेनच्या ऑर्गनवाल्याचं निघालं. तीन-तीन मात्रांचे बार, म्हणजे कप्पे, दोन बार मिळून आपला सहा मात्रांचा दादरा. आणि सुरुवात बघ, प सारेगम प सा सा, ध मपधनी सां सा सा! पहिल्या दिवशीच्या पलट्यासारखं. मी खूश. पहिला भाग दोन्ही हातांनी बसला, शेजारच्या काकूंनी खिडकीतून "छान" पण म्हटलं.

मग दुसरा भाग, चौथा बार. तिथे काळी एकला शार्प. म्हणजे तीव्र मध्यम! मी म्हटलं अरे वा, शुद्ध मध्यमाच्या बिलावलातून तीव्र मध्यमाच्या कल्याणात आला. पुढे जाते तर तो परतच येईना, तीव्र मध्यमावरून सारखा पंचमावर जाऊन बसतोय, आणि चार बारांनी असा काही थांबला की पंचम पंचम राहिलाच नाही गं, तो सा झाला. पट्ट्या त्याच, मी तीच, आणि पायाखालची फरशी सरकवलेली. पुढे म परत शुद्ध होतो आणि सा घरी येतो, पण तोवर माझ्या अंगावर काटा.

आठवतंय ना? तू मैत्रिणीबरोबर वसईच्या चर्चमध्ये जाऊन आली होतीस आणि आपल्या गाण्याच्या बुवांच्या ओट्यावर बसून म्हणालीस, "त्यांचा सा फिरतो." मी म्हटलं फिरतो तो सा नव्हेच. अख्खा पावसाळा आपण बोललो नव्हतो, बिचारे बुवा दोघींचे निरोप ने-आण करत होते. लगेच पेढे वाटू नकोस, माझं मत अजून तेच आहे. सा फिरवायचा तर मूर्छना म्हणा, रीतसर सांगून फिरवा.

पण भीती वेगळीच आहे. परवा देवळात भजन होतं, मी पेटीवर, सा काळी चारचा, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा चालू. काकूंनी यमनातला अभंग धरला. अंतऱ्यात तीव्र मध्यमावरून पंचमावर आल्या आणि एक अख्खं आवर्तन माझ्या कानात पंचम सा होऊन बसला. तंबोरा शेजारी सा सा म्हणून ओरडतोय आणि मला तो खालचा मध्यम ऐकू येतोय! बोटं बरोबर चालली, कुणाला काही कळलं नाही, काकूंनी नंतर प्रसाद जरा जास्तच दिला. पण मला झोप नाही. लहानपणापासून जी एक गोष्ट झोपेतसुद्धा हलली नाही ती हलली की. पियानो बंद करू का? करवत तर नाही, आत्ताच डावी करंगळी ऐकायला लागलीये.

अमेयच्या लग्नाचं कळलं, फोटो गोड, सून उंच आहे. तुझ्या बदलीचं काय झालं ते कळव. आणि गुडघ्याला तेल लाव, नुसतं विकत आणून ठेवू नकोस.

मुद्दा एवढाच विचारायचाय, वसईहून आल्यावर तुझं असं झालं होतं का? आणि ते आपोआप बसलं की बुवांनी नुसता खर्ज, खालचा सा, लावायला बसवलं होतं? एकादशीच्या आत फोन कर, त्या दिवशी काकू यमनच काढणार आणि पेटीवर मीच. रात्री नऊनंतर कर, त्याआधी ह्यांच्या बातम्या चालू असतात, काहीच ऐकू येत नाही.

तुझी,
नंदा