विजयदुर्गाच्या वाटेवरचे घर रंगवताना

देवगड

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

लढाईच्या खेळाच्या पटावर मांडायला तू जोडलेल्या छोट्या घराचे फोटो पाहिले. एमडीएफचे (लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या फळीचे) भाग तू नेटके जोडले आहेस आणि छप्पर चिकटवलेले नाहीस हे बरे केलेस, कारण डाव चालू असताना आत सैनिक उभे करायचे तर ते उचलता आलेच पाहिजे. रंगाला हात घालण्यापूर्वी मात्र प्रसंगाचा विचार कर. तू मांडणार आहेस ती विजयदुर्गाची लढाई, म्हणजे फेब्रुवारी 1756, किल्ल्यात तुळाजी आंग्र्यांची शिबंदी आणि समुद्रातून चाल करून आलेले इंग्रज दर्यासारंग वॉटसनचे आरमार. किटमध्ये छपरावर कोरलेली आहेत ती मंगलोरी कौले, आणि मंगळुरास बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कौलांचा कारखाना निघाला तो 1865 साली. शंभराहून अधिक वर्षांची ही तफावत तुझ्या खेळगड्यांच्या लक्षात येणार नाही कदाचित, पण माझ्या आली आहे, तेव्हा ते छप्पर शाकारून टाक.

शाकारण्यासाठी सुतळी उलगडून तिचे तंतू दीड सेंटिमीटरचे काप, आणि फेव्हिकॉल लावून पागोळीकडून आढ्याकडे, वरची ओळ खालच्या ओळीवर चढेल अशा बेताने चिकटव. खरे घर शाकारतात तेही खालूनच वर. रंगाला सुतळीचा मूळ पिवळेपणा चालणार नाही. पावसाच्या तोंडावर घातलेले गवत चार महिने पाऊस आणि मग ऊन खाऊन फेब्रुवारीपर्यंत राखी पडलेले असते. म्हणून सगळ्या छपरावर बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरीचा, पातळ हात फिरव, तो पूर्ण वाळू दे, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने राखाडीत किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून फक्त वरवरच्या तंतूंना स्पर्श कर. आढ्याजवळचे गवत सर्वांत फिके ठेव.

जोत्याविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण फोटोत तिथेच घोटाळा दिसतो. तू प्रत्येक चिऱ्याभोवती काळी रेघ ओढली आहेस. तुझे सैनिक 28 मिलिमीटरचे, म्हणजे प्रमाण साधारण एकास साठ. फूट-सव्वा फुटाचा चिरा त्या मापात पाच-सहा मिलिमीटरचा होतो आणि त्याचा सांधा केसाएवढाही उरत नाही. रेघा पुसून टाक. बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, एक सपाट हात दे, आणि स्पंजाचा तुकडा चिमटीत धरून त्याच्या फाटक्या कडेने आधी गडद तपकिरी, मग ऑकर असे विरळ ठिपके उठव. जांभा जवळून पाहिलास तर तो एका रंगाचा नसतोच: तांबड्यात पिवळे डाग असतात, आणि भोकांच्या आत अंधार. दोन-चार चिरे शेजाऱ्यांपेक्षा थोडे फिके किंवा गडद केलेस की सांधे आपोआप दिसू लागतील. एकंदर रंग मात्र खऱ्या जांभ्यापेक्षा एक पायरी फिकाच ठेव, कारण एवढ्या लहान वस्तूवर खरा रंग काळवंडलेला वाटतो.

भिंतीला नुसता पांढरा लावू नकोस. शिंपल्यांच्या चुन्यासाठी पांढऱ्यात ऑकरचा एखादा थेंब पुरे. त्यानंतरचे सगळे काम पाण्याचे आहे. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या दक्षिण आणि पश्चिम भिंती अधिक खराब होतात, आणि पूर्वेची भिंत त्या मानाने स्वच्छ राहते. पागोळ्या जमिनीवर पडून तांबडी माती उडते, तिचा पट्टा भिंतीवर हात-दीड हात उंच चढतो. तुझ्या मापात तो साधारण आठ ते अकरा मिलिमीटर. तो पट्टा वरच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी विरत गेला पाहिजे, सरळ कापल्यासारखा दिसता कामा नये. शेवाळ हिरवे दाखवण्याचा मोह होईल, पण ते श्रावणातले. फेब्रुवारीत ते वाळून काळे पडते, तेव्हा बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळून केलेले काळे वापर आणि ट्यूबमधला तयार काळा बाजूला ठेव. (तो बाजारात विकतात तरी कशाला, हे मला आजवर कळलेले नाही.)

घर ज्या टेकडीवर ठेवणार आहेस ती थर्मोकोलची असेल तर तिच्यावर स्प्रे प्रायमर थेट मारू नकोस. त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळते. आधी फेव्हिकॉलचा जाड हात देऊन तो वाळू दे. शेवटचा वॉर्निशही मॅट घे आणि ब्रशानेच लाव. तुमच्या मुंबईत आता पावसाची दमट हवा आहे, आणि अशा हवेत स्प्रे वॉर्निश दुधाळ होऊन बसतो. घराच्या कोपऱ्यांना दोन हात दे, कारण डाव मांडताना बोटे तिथेच लागतात आणि रंग तिथलाच आधी उडतो.

अंगणात नुसती तांबडी माती दाखवू नकोस. पाऊस सरल्यावर खळे नव्याने चोपून शेणाने सारवतात, म्हणून तेवढ्या जागेवर मळकट हिरवट तपकिरी रंग दे आणि झाडूचे अर्धगोल फटकारे हलक्या हाताने उमटव. तुळशीवृंदावन तू दारासमोर ठेवले आहेस ते तिथेच राहू दे, फक्त त्याचा भगभगीत निळा रंग काढून त्याला भिंतीचाच चुना लाव.

दुरुस्त केलेल्या जोत्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठव. ट्यूबलाइटखाली सिएनाचा रंग मला कळत नाही.

तुझी,
आई