कोबा फोडलाय

कोल्हापूर, मंगळवार पेठ
ज्येष्ठ संपत आला

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करावा तर तू मीटिंगमध्ये असतेस, नाहीतर मी फोन चार्जिंगला लावून विसरलेला असतो. म्हणून कागद घेतला. तुझी आई म्हणते, व्हॉट्सॲपवर टाका की. पण हे सावकाश लिहायचं आहे.

मे महिन्यात तुम्ही आला होता तेव्हा आपण काकांच्या मळ्यावर गेलो होतो, आठवतं? आदल्या रात्री वळीव झालेला. मी तुझ्या छोटूला म्हटलं, चप्पल काढ आणि सरीत उतर. त्यानं एक पाय टेकवला, बोटांच्या फटीतनं चिखल वर आला आणि पोरगं असं किंचाळलं की वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. "आप्पा, घाण लागली!" तू पळत आलीस, ओल्या टिश्यूनं पाय पुसलास, वर सॅनिटायझर लावलंस. टिश्यूसुद्धा मातीत विरघळणारे, हे तू मला पाकीट दाखवून सांगितलंस. सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र डोळा लागेना. टिश्यू मातीत विरघळतो आणि पोराला माती चालत नाही, हे काही केल्या डोक्यातनं जाईना.

तुझ्यावर रागावून लिहीत नाहीये. तू पाठवलेली ती पर्यावरण जपायच्या एकवीस नियमांची यादी आईनं फ्रिजला चिकटवली आहे. बांबूचा टूथब्रश, कापडी पिशवी, बादलीनं आंघोळ. वाचून मला गंमत वाटली. यातलं निम्मं आपल्या घरात कुणी न सांगता चालू होतं आणि पुढं कुणी न सांगताच बंद पडलं. भाजीची देठं, सालं शेजारच्या गवळ्याच्या म्हशीला जायची, त्याच म्हशीचं दूध आपल्या चरवीत यायचं. तिच्या शेणाच्या शेणी आजी बंबात घालायची आणि बंबातल्या राखेनं भांडी घासायची. पर्यावरण हा शब्द तिनं आयुष्यात उच्चारला नाही. मग गॅस आला, गिझर आला, म्हैस गल्लीतनं गेली. आता म्हशी बघायच्या त्या दिवाळी पाडव्याला, शिंगं रंगवून मोटरसायकलमागं पळताना. जे नियम म्हणून आलं नव्हतं ते मोडलं तेव्हा नियम मोडल्यासारखंही वाटलं नाही.

तू तो विल्सन नावाच्या जीवशास्त्रज्ञाबद्दलचा लेख पाठवला होतास, बायोफिलियाचा. १९८४ साली त्यानं मांडलं म्हणे, की माणसाला सजीवांची ओढ उपजतच असते. तो माणूस आयुष्यभर मुंग्या बघत बसला होता, त्यामुळं त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. त्याच लेखात रॉजर उलरिकचंही होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले २३ पेशंट खिडकीतनं झाडं बघणारे आणि २३ विटांची भिंत बघणारे. झाडं बघणारे लवकर घरी गेले, जोरकस वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. मला हर्नियाच्या वेळी खिडकीतनं जनरेटरची खोली दिसायची. ते जाऊ दे.

पण ओढ उपजत असली तरी ओळख करून द्यावी लागते, असं मला वाटतं. हे मला पुस्तकातनं नाही, फाउंड्रीत कळलं. तुला माहीत आहे, मी शिरोलीला मोल्डिंगला लागलो तेव्हा पहिला महिनाभर मला साचा धरू दिला नव्हता. मिस्त्री रोज वाळू हातात द्यायचे. मूठ आवळ, उघड, गोळा मधोमध मोड. कड स्वच्छ मोडली तर ओल बरोबर. बोटांना चिकटली तर पाणी जास्त, आणि वितळलेला धातू ओतताना वाफ होऊन कास्टिंगला भोकं पडणार. भुगा झाला तर पाणी कमी. तीच वाळू फिरून फिरून वापरायची, जळाली तेवढी काढून थोडी नवी घालायची. पुढं ओल मोजायचं यंत्र आलं, तरी माझा हात आधी वाळूत जायचा.

एकदा सुट्टीला गावी गेलो तर तुझे आजोबा बांधावर बसून हुबेहूब तेच करत होते. मातीचा गोळा वळला, टाकला, फुटला. म्हणाले, वाफसा आलाय, उद्या पेरायचं. मी हसलो, म्हटलं हे तर आमच्या मिस्त्रींचं. ते म्हणाले, "तुझा मिस्त्रीबी कुठल्यातरी शेतकऱ्याचाच पोर असंल." होताच तो. वाफसा हा शब्द छोटूला सांगून कळणार नाही, ताई. तो मुठीतच कळतो.

आता माझी चूक. तू बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस तेव्हा आपण गाडी घेतली आणि ती लावायला मी परड्यात कोबा करून घेतला. पारिजातक गेला, अळू गेलं, हळदीचा वाफा गेला. आईला म्हटलं, झाडलोट वाचेल. ती काही बोलली नाही, फक्त अळवाचे चार कांदे काढून कुंडीत लावले. पहिल्याच वळवात पाणी मुरायला जागा नाही म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं. उन्हाळ्यात मागचं दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग. आणि छोटू पहिल्यांदा घरी रांगला तो त्या कोब्यावर. त्याला मातीची ओळख कुठं व्हायची होती? टिश्यू तुझा, पण कोबा माझा.

आमच्या वेळी सगळं छान होतं असलं काही मी म्हणणार नाही. पंचगंगेला आम्ही आई म्हणायचो आणि त्याच आईच्या पोटात निर्माल्य पिशवीसकट भिरकावायचो. पूजा केली म्हणजे ओळख झाली असं नाही. तरी आजोबांना ती ओळख होती. पावसाळा लागला की घाटावर जाऊन पाण्याचा रंग बघायचे. तांबडं गढूळ पाणी दिसलं की वर भोगावतीकडं जोर आहे म्हणायचे. पाणी शिवाजी पुलाच्या खुणेला टेकलं की अख्ख्या पेठेत 'मच्छिंद्री झाली'! आता राजाराम बंधाऱ्याचा आकडा मोबाईलवर येतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले तेही येतं. आकडे हवेतच. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा ते आकडे बघूनच कित्येक लोक बाहेर पडले. पण बाकीचे दहा महिने नदीकडं कोण बघतं? २०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं. चांगलं पाणी आलं, नाव ठेवणार नाही. पण नळाला आणि नदीला नातं असतं हे आता पोरांना मुद्दाम सांगावं लागतं.

म्हणून बोलावतोय. आषाढात दर मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवरच्या टेंबलाई देवीला जातं, तू लहान असताना दोनदा कलश घेतला होतास. हळदकुंकू लावलेली घागर डोक्यावर, पुढं पी-ढबाक. तू त्या वाद्याला 'पीपी ढब्बू' म्हणायचीस आणि टेकडीपर्यंत अर्धी घागर अंगावर सांडायचीस. देवीच्या पायरीवर पाणी ओतलं की परत येऊन गल्लीत जत्रेचं मटण. मी फारसा देवभोळा नाही हे तुला माहीत आहे. पण नदीला नवं पाणी आलं म्हणून अख्खं गाव ते डोक्यावर घेऊन चालत निघतं, हे छोटूनं बघावं असं वाटतं. प्रश्न विचारेल. विचारू दे. पाणी तांबडं का, हे विचारलं की राधानगरीच्या तांबड्या मातीपर्यंत जाता येतं.

दाजीपूरला आत्ता नेता येणार नाही, जंगल पावसाळ्यात बंद असतं. गवे दिवाळीनंतर बघू. आत्ता आठ दिवस पेठेत आणि मळ्यावर एवढंच पुरे. बुटांऐवजी त्याच्या मापाची कापशी चप्पल मी घेऊन ठेवतो. माझी अकरा वर्षं चालली आहे, तळ दोनदा बदलला. दुसऱ्यांदा बदलणाऱ्या कारागिरानं मला कातडं हुंगायला लावलं, बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा वास येतो का बघा म्हणाला. येत होता. पावसात मात्र ती घालू नये, फुगते. पावसात अनवाणीच.

आणि हो, मागच्या रविवारी मी परड्यातला कोबा फोडला. सगळा नाही, गाडी कुठं लावू? आडाच्या बाजूची चार फूट बाय सहा फूट जागा. छिन्नी-हातोडा घेऊन एकटाच बसलो, दोन दिवस हात उचलत नव्हता. खाली काळी गच्च माती निघाली, इतकी वर्षं हवा न लागलेली, वासच नाही तिला. तीन पाऊस झाले तेव्हा कुठं वास आला. आईनं कुंडीतले अळवाचे कांदे परत तिथं लावले. त्यांच्या शेजारी आपण न लावलेलं काहीतरी दोन पानांवर उगवलंय. आई म्हणते तण आहे, उपटा. मला हळदीसारखं दिसतं, पण कोब्याखाली इतकी वर्षं हळद राहील असं वाटत नाही. छोटू येईपर्यंत ते उपटायचं नाही असं मी तिला सांगून ठेवलंय.

जावईबापूंना रजा मिळत नसेल तर तुम्ही दोघंच या. मंगळवारी यायचं असेल तर दोन दिवस आधी कळव, आषाढात मटणाला पहाटेपासून रांग असते.

तुझे,
आप्पा